व्हिलानोव्हाचा २०१६ चा हंगाम: शेवटच्या ४.७ सेकंदांपलीकडचे कोणाला काय आठवते?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी.

मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलांना संध्याकाळी दोन तास बास्केटबॉल शिकवतो. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे; जुना खेळाडू म्हणून हा संघ गळ्यात पडला आणि आता सुटता सुटत नाही, एवढाच माझा अधिकार. मैदान सिमेंटचे आहे, एका रिंगला जाळी आहे आणि दुसऱ्या रिंगला मुलांनीच सुतळी विणून बांधली आहे.

गेल्या आठवड्यात एका मुलाने मोबाइलवर सगळ्यांना एक चित्रफीत दाखवली. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा, म्हणजे एनसीएएचा, २०१६ चा अंतिम सामना. व्हिलानोव्हा विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना, गुण ७४-७४, घड्याळात ४.७ सेकंद, आणि क्रिस जेनकिन्स नावाच्या खेळाडूने वेळ संपता संपता टाकलेला तीन गुणांचा शॉट. ७७-७४. तेव्हापासून माझ्या मैदानावर साथ पसरावी तसा एकच खेळ चालू आहे. मी पाठ फिरवली की कोणीतरी मधल्या रेषेवरून धावत येतो, तोंडाने उलटे आकडे मोजतो आणि चेंडू रिंगच्या दिशेने भिरकावतो. दहांतले नऊ चेंडू कुंपणापलीकडे कपाशीत जातात आणि ते शोधण्यात सरावाची पंधरा मिनिटे जातात.

त्यांना रागावण्यात अर्थ नाही, कारण त्या वयात मीही तेच केले असते. पण तो हंगाम मी स्वतः पाहिलेला नाही. तो संघ कसा खेळत असे, कोणाकडून हरला, शेवटचा शॉट नशिबाचा होता की ठरवून केलेला, हे मला मुलांना सांगता येत नाही, आणि नुसता निकाल सांगून भागत नाही. या मंचावर परदेशातले सामने जागून पाहणारे बरेच खान्देशी लोक आहेत, म्हणून विचारतो. ज्यांनी तो हंगाम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पाहिला किंवा वाचला, त्यांनी तो मनात कसा राहिला आहे ते लिहावे. आमच्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दहा मिनिटांची चार सत्रे आणि शॉट घेण्यासाठी २४ सेकंद असतात, तर तिकडे वीस मिनिटांचे दोन भाग आणि ३० सेकंद, हा फरक मला ठाऊक आहे; त्यामुळे तिकडचे सगळे जसेच्या तसे इकडे लागू होणार नाही, हे धरूनच विचारतो आहे.

भुसावळ जंक्शन

गिरणाकाठ भाऊ, तो सामना मी पाहिला नाही, फक्त वाचला; तरीही त्याच्याइतका एकही सामना माझ्या डोळ्यांसमोर नाही. ५ एप्रिल २०१६, मंगळवार. तिकडे सोमवारची रात्र आणि आपल्याकडे सकाळी सातला दहा मिनिटे कमी असताना सामना सुरू झाला. भाच्याने डिसेंबरपासून त्या संघाचे वेड लावले होते, म्हणून चहा घेताना, दाढी करताना आणि नंतर जळगावच्या गाडीत बसल्यावरही मी मोबाइलवर नुसता गुणफलक बघत होतो. चित्र नाही, आवाज नाही, दोन आकडे आणि एक घड्याळ.

मध्यंतराला नॉर्थ कॅरोलायना ३९-३४ अशी पुढे होती. उत्तरार्धात व्हिलानोव्हाने डाव उलटवला आणि साडेपाच मिनिटे उरली असताना ६७-५७ अशी दहा गुणांची आघाडी घेतली, तेव्हा मी भाच्याला अभिनंदनाचा संदेश पाठवून बसलो. तो मी परत घेऊ शकलो असतो तर घेतला असता, कारण त्यानंतर पलीकडचा आकडा सारखा वाढत गेला आणि आमचा अडला. शेवटची तेरा-चौदा सेकंद उरली असताना ७४-७१ झाले, तेव्हा जिवात जीव आला. मग आकडा बदलला: ७४-७४, ४.७. आणि भादली स्थानकाच्या आसपास मोबाइलचे नेटवर्क गेले.

ती पाच-सात मिनिटे कशी गेली हे रोजच्या प्रवाशालाच कळेल. मी मनाशी जादा वेळ धरून चाललो होतो. जळगावचे यार्ड आले, पडदा हलला आणि ७७-७४ दिसले. मला वाटले जादा वेळेतली पहिली बास्केट झाली असेल. त्याखाली 'अंतिम' हा शब्द होता तो मी दोनदा वाचला. समोर बसलेल्या दूधवाल्याने विचारले, काय झाले साहेब, घरी सगळे ठीक आहे ना.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. मुलांना एप्रिलऐवजी डिसेंबर दाखवा. ७ डिसेंबर २०१५ रोजी हाच संघ पर्ल हार्बर येथे ओक्लाहोमाकडून ७८-५५ असा हरला होता, आणि त्या सामन्यात त्यांनी तीन गुणांचे ३२ शॉट घेऊन फक्त ४ रिंगमध्ये टाकले. बत्तिसात चार. दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाने त्यानंतर मुलांना तीन गुणांच्या कमानीच्या आत डांबून ठेवले असते. चार महिन्यांनी उपांत्य सामन्यात समोर पुन्हा तोच ओक्लाहोमा संघ आला आणि व्हिलानोव्हाने तो ९५-५१ असा जिंकला. ४४ गुणांचे अंतर, अंतिम चार संघांच्या सामन्यांमध्ये त्याआधी कधीच न दिसलेले. त्या दिवशी त्यांच्या घेतलेल्या शॉटपैकी ७१ टक्क्यांहून अधिक आत गेले. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही कळली नव्हती आणि आजही नीट कळलेली नाही: तोच संघ, तेच हात, मग मध्ये नेमके काय बदलले? हे कोणी जवळून पाहिलेल्याने सांगावे.

वाघूर ते लँकेस्टर

नमस्कार. मी मूळचा जळगावचा, आणि २०१४ ते २०१६ या काळात व्हिलानोव्हा येथेच अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लांबले तर सांभाळून घ्यावे.

हे विद्यापीठ फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, लँकेस्टर अ‍ॅव्हेन्यू नावाच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहे. १८४२ साली ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मगुरूंनी स्थापन केलेली ही संस्था तिकडच्या मानाने लहान आहे, आणि बास्केटबॉल हा तिथला कुळाचार आहे. मी गेलो त्या पहिल्या वर्षी मला वाटले की आपण जगातल्या सर्वोत्तम संघाच्या गावी आलो. जुन्या विद्यार्थ्यांनी मात्र हसून सांगितले की थांब, राष्ट्रीय स्पर्धेचा मार्च येऊ दे. त्यांचे म्हणणे खरे ठरले. २०१४ साली दुसरे मानांकन असताना संघ पहिल्या आठवड्यातच बाहेर पडला होता, आणि २०१५ साली पहिले मानांकन मिळूनही दुसऱ्याच सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून ७१-६८ असा हरला. (हे नॉर्थ कॅरोलायना स्टेट वेगळे विद्यापीठ आहे, अंतिम सामन्यातले वेगळे, मी सुरुवातीला दोन्हींचा घोळ घालत असे.) त्यामुळे ८ फेब्रुवारी २०१६ रोजी संघ इतिहासात प्रथमच देशाच्या क्रमवारीत पहिला आला, तेव्हा वसतिगृहात जल्लोष कमी आणि धास्ती जास्त होती. मार्चमध्ये आपल्याच विभागाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सीटन हॉलकडून ६९-६७ अशी हार झाली आणि सगळ्यांनी मान डोलावली: झाले, यंदाही तेच.

भुसावळ जंक्शन यांनी विचारले आहे की मध्ये काय बदलले. प्रशिक्षक जे राइट यांच्या संघाची एक खूण होती, जी मला पाहून पाहून पाठ झाली. त्यांचे खेळाडू रिंगखाली घुसले की दोन्ही पायांवर थांबत. जंप स्टॉप. एका पायावर उडी घेऊन गर्दीत चेंडू फेकणे जवळपास दिसतच नसे. दोन पायांवर थांबायचे, खोटा शॉट दाखवायचा, पिव्हट घ्यायचा, म्हणजे एक पाय रोवून वळायचे, आणि बचावपटू उडाला तर वर जायचे, नाही उडाला तर मागे मोकळ्या उभ्या असलेल्या सोबत्याकडे चेंडू द्यायचा. पर्ल हार्बरचे शॉट वाईट हाताचे नव्हते. माझ्या मते ते घाईचे होते. मार्चपर्यंत तेच शॉट एका जास्तीच्या पासनंतर येऊ लागले, एवढाच फरक मला दिसला. तीन गुणांचे शॉट त्यांनी सोडले नाहीत. क्यान्सससारख्या अव्वल मानांकित संघाला त्यांनी ६४-५९ असे हरवले तो सामना मला उपांत्य सामन्यापेक्षाही मोठा वाटतो, कारण त्या दिवशी शॉट पडत नव्हते आणि सामना बचावावर जिंकावा लागला.

अंतिम सामना ह्यूस्टन येथे होता. आम्ही विद्यापीठाच्या बंदिस्त क्रीडागृहात, ज्याला सगळे पॅव्हिलियन म्हणत, मोठ्या पडद्यावर पाहत होतो. तुमच्या मुलांनी पाहिलेली चित्रफीत बहुतेक रेषेबाहेरून चेंडू मैदानात टाकण्यापासून सुरू होत असेल. त्याच्या आधीची दोन मिनिटे शोधून दाखवा. नॉर्थ कॅरोलायनाच्या मार्कस पेजने हवेत असताना एकदा चेंडू खाली ओढून पुन्हा वर नेला आणि अशक्य वाटणारा शॉट टाकून ७४-७४ केले. राइट यांनी टाइम आउट घेतला. त्यानंतर खेळाडू मैदानावर परतले तेव्हा जमीन कुठेतरी ओली होती, आणि एक मुलगा मॉप घेऊन ती पुसत होता. डॅनियल ओचेफू, सहा फूट अकरा इंच उंचीचा, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, त्याने त्या मुलाच्या हातातून मॉप घेतला आणि स्वतः ती जागा घासून पुसली. चौऱ्याहत्तर हजार माणसे बघत आहेत, विजेतेपद ४.७ सेकंदांवर आहे, आणि हा फरशी पुसतो आहे! आमच्या आजूबाजूची मुले हसली. कारण नंतर कळले: त्याला तिथेच स्क्रीन द्यायचा होता, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवे उभे राहायचे होते, आणि तिथे पाय घसरून चालणार नव्हते.

मी मात्र तेव्हाच हसलो नाही, कारण मला जळगावचे मैदान आठवले. आमच्याकडे सरावाआधी गोणपाट ओले करून, पिळून, दोघांनी दोन टोके धरून मैदानभर ओढायची पाळी असे. एप्रिल-मे महिन्यात धुळीचा थर असा बसतो की बूट ब्रेकच घेत नाहीत. वरच्या वर्गातला कधी गोणपाट धरत नसे. 'पोतं मार रे भो' एवढे म्हणायचा त्याचा अधिकार.

मग ती चाल. जेनकिन्सने बेसलाइनवरून, म्हणजे रिंगमागच्या रेषेबाहेरून, चेंडू मैदानात टाकला, तोही आर्चिडियाकोनोकडे. रायन आर्चिडियाकोनो चार वर्षे त्या संघाचा सूत्रधार होता, शेवटचा सामना खेळत होता, फिलाडेल्फियाच्याच परिसरातला होता. तो शॉट त्याने स्वतः घेतला असता आणि चुकला असता तरी त्याला कोणी बोल लावला नसता. तो चेंडू घेऊन धावत आला, ओचेफूने मधल्या रेषेजवळ त्या पुसलेल्या जागी स्क्रीन दिला, बचाव आर्चिडियाकोनोकडे गोळा झाला, आणि मागून जेनकिन्स 'आर्च, आर्च' असे ओरडत आला. ज्याने चेंडू आत टाकला तो लगेच मैदानात येतो आणि मागून येतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आर्चिडियाकोनोने खालून, चेंडू ताटात वाढावा तसा, त्याच्याकडे सरकवला. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. या चालीचे त्यांच्या सरावातले नाव 'नोव्हा' असे होते, आणि ती ते रोज घोटत असत, हे राइट यांनी स्वतः सांगितले आहे. शॉट हातातून सुटल्यावर राइट यांच्या ओठांवर 'बँग' एवढा एकच शब्द दिसतो. त्यानंतर चेहऱ्यावर काही नाही, सरळ चालत जाऊन त्यांनी समोरच्या संघाचे प्रशिक्षक रॉय विल्यम्स यांच्याशी हस्तांदोलन केले.

आणि एक गोष्ट, जिचा खेळाशी संबंध कमी आहे, पण आमच्यात तीच जास्त बोलली गेली. जेनकिन्सला ज्या ब्रिट कुटुंबाने आपल्या घरी वाढवले, कायद्याने त्याचे पालकत्व घेतले, त्यांचा मुलगा नेट ब्रिट नॉर्थ कॅरोलायनाकडून खेळत होता. एका घरातली दोन मुले, एक या बाकावर, एक त्या बाकावर. आईबापांनी त्या क्षणी कोणत्या बाजूला बघितले असेल, यावर आमच्या स्वयंपाकघरात दोन दिवस वाद चालला.

फिलाडेल्फियात विजय मिरवणूक निघाली ती ८ एप्रिलला, शुक्रवारी, मार्केट स्ट्रीटवरून सिटी हॉलपर्यंत. त्या दिवशी आपला गुढीपाडवा होता. आम्ही चौघा मराठी मुलांनी सकाळी खिडकीत गुढी उभारली होती. कडुनिंब कुठला मिळायला, पण साखरगाठी एकाच्या आईने पाठवल्या होत्या, आणि गुढीला रेशमी वस्त्र म्हणून कोणाचा तरी व्हिलानोव्हाचा निळा गळपट्टा बांधला होता. दुपारी तोच सोडून गळ्यात घालून मिरवणुकीला गेलो. आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती रागावली.

पांझराकाठ

वरचे सगळे आवडले, पण धुळ्यातला एकुलता एक नॉर्थ कॅरोलायनाप्रेमी म्हणून थोडी तक्रार नोंदवतो. जिंकणाऱ्याचा शॉट सराव ठरतो आणि हरणाऱ्याचा शॉट विसरला जातो. पेजचा शॉट जेनकिन्सच्या शॉटपेक्षा कितीतरी अवघड होता: अंगावर धावून आलेला बचावपटू, हवेत बदललेला हात, पायाखाली काही नाही. त्याने त्या सामन्यात २१ गुण केले. जेनकिन्स मात्र स्थिर पावलांवर, समोर मोकळी जागा असताना उभा होता, कारण त्याच्यावर असलेला खेळाडू क्षणभर चेंडूकडे ओढला गेला. ते ४.७ सेकंद चांगल्या चालीचे होते हे मान्य, पण समोरच्या एका चुकीच्या पावलाचेही होते. ते पाऊल पडले नसते आणि जादा वेळ झाला असता, तर आज गिरणाकाठ सरांची मुले पेजसारखी हवेत हात बदलून पाय मुरगाळून घेत बसली असती.

दुसरे असे की नॉर्थ कॅरोलायनाने पुढच्याच वर्षी, २०१७ साली, गॉन्झागाला ७१-६५ असे हरवून विजेतेपद मिळवले. पेज तोपर्यंत शिक्षण संपवून बाहेर पडला होता. मला तरी २०१६ ची आठवण म्हणून तोच डोळ्यांसमोर येतो. मुलांना दोन्ही शॉट लागोपाठ दाखवा. एकच दाखवणे हा अन्याय आहे.

जुने रेल्वे मैदान

मंडळी, मी वयाने तुमच्यापेक्षा बराच मोठा असावा, म्हणून १९८५ चा हंगाम सांगितल्याशिवाय राहवत नाही. विषय सोडून नाही; २०१६ च्या त्या संघाचे मूळ तिथे आहे.

मामेभाऊ त्या काळात पेनसिल्वेनियात नोकरीला होता आणि पत्रासोबत वर्तमानपत्रांची कात्रणे पाठवीत असे. व्हिलानोव्हाला त्या वर्षी आठवे मानांकन होते. ६४ संघांची स्पर्धा त्याच वर्षी सुरू झाली, आणि आठव्या मानांकनावरून विजेता होणारा दुसरा संघ त्यानंतर आजवर झालेला नाही. अंतिम सामना पॅट्रिक यूइंगच्या जॉर्जटाउनशी होता, ज्यांनी हंगामात त्यांना आधीच दोनदा हरवले होते. व्हिलानोव्हाने २८ शॉट घेतले आणि २२ टाकले. उत्तरार्धात तर दहा घेतले आणि एकच चुकवला. ६६-६४. प्रशिक्षक होते रॉली मॅसिमिनो. मी ते कात्रण पाकिटात ठेवून ठेवून घडीवर फाडले, आणि आमच्या रेल्वे क्वार्टर्सच्या मैदानावर ते वाचून दाखवताना 'दहातले नऊ' या वाक्यावर नेहमी थांबत असे.

पण गिरणाकाठ, इथे एक सावधगिरी. तो सामना आज तसा खेळता येत नाही. त्या स्पर्धेत शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घेण्यासाठीची वेळमर्यादा, नव्हते. मनासारखी संधी मिळेपर्यंत चेंडू मिनिटभरही फिरवत राहता येत असे, आणि मॅसिमिनो यांनी तेच केले. पुढच्याच हंगामापासून ४५ सेकंदांची मर्यादा आली. आम्ही ते कात्रण वाचून आमच्या मुलांना चेंडू दाबून ठेवायला शिकवले, आणि शॉट क्लॉक असलेल्या पहिल्याच स्पर्धेत आमची जी फजिती झाली ती सांगत नाही. म्हणून मला २०१६ चा संघ १९८५ पेक्षा शिकण्याजोगा वाटतो: तोच संयम, पण ३० सेकंदांत बसवलेला.

मूळ तिथे आहे असे म्हणालो, कारण जे राइट हे १९८७ पासून पाच वर्षे व्हिलानोव्हातच मॅसिमिनो यांचे सहायक होते. ह्यूस्टनच्या प्रेक्षागृहात त्या रात्री मॅसिमिनो बसलेले होते. पुढच्या वर्षी, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, ते गेले.

वाघूर ते लँकेस्टर

जुने रेल्वे मैदान काका, आपले कात्रण अजून असेल तर त्याचे छायाचित्र इथे जरूर लावावे. पांझराकाठ भाऊंची तक्रार मान्य. पॅव्हिलियनमध्ये पेजचा शॉट पडला तेव्हा मीच सर्वांत आधी खाली बसलो होतो.

गिरणाकाठ सरांसाठी आणखी दोन गोष्टी राहून गेल्या, दोन्ही बाकावर बसणाऱ्या राखीव मुलांसाठी. अंतिम सामन्यात व्हिलानोव्हाकडून सर्वाधिक २० गुण फिल बूथने केले, आणि तो सुरुवातीच्या पाचांत नव्हता. दुसरी, डाँटे डिव्हिन्चेन्झो नावाचा पहिल्या वर्षाचा मुलगा त्या हंगामात दुखापतीमुळे बहुतेक सामने खेळला नाही. उपांत्य सामन्याआधी सरावात त्याला ओक्लाहोमाच्या बडी हिल्डची भूमिका करायला लावली: हिल्ड जसा धावतो, जिथून शॉट घेतो, तसे तू कर, म्हणजे बाकीच्यांना त्याला अडवण्याची सवय होईल. देशात गाजलेला हिल्ड त्या सामन्यात ९ गुणांवर अडकला. आणि दोन वर्षांनी, २०१८ च्या अंतिम सामन्यात, मिशिगनविरुद्ध याच डिव्हिन्चेन्झोने बाकावरून येऊन ३१ गुण केले.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एवढे मिळेल अशी अपेक्षा नव्हती. पांझराकाठ, दोन्ही शॉट दाखवले, लागोपाठ, पेजचा आधी. मुलांनी तो तीन वेळा परत लावायला सांगितला, तेव्हा तुमचा पक्ष अगदीच दुबळा नाही.

काल संध्याकाळी मी वेगळाच प्रयोग केला. ज्या मुलाने मूळ चित्रफीत आणली होती त्यालाच मी चेंडू आत टाकायला लावले आणि शिट्टी तोंडात धरून मोबाइलच्या घड्याळावर ४.७ सेकंद लावले. पहिल्या खेपेला त्याने चेंडू आत टाकला आणि तो तिथेच बेसलाइनबाहेर उभा राहून बघत बसला. मागून यायचे असते हे त्याला सुचलेच नाही. दुसऱ्या खेपेला तो आला, पण चेंडू घेऊन धावणाऱ्याने त्याच्याकडे पाहिलेच नाही आणि स्वतःच भिरकावला. कपाशीत. तिसऱ्या-चौथ्याला स्क्रीन देणारा आणि धावणारा एकमेकांवर आदळले. मग मी धावणाऱ्याला सांगितले की तू शॉट घ्यायचाच नाहीस, काही झाले तरी. आणि मागून येणाऱ्याला सांगितले की तू ओरडत ये. 'आर्च' म्हणून नको, त्याच्या नावाने ओरड. त्यानंतर अंधार पडेपर्यंत एवढेच चालले. चेंडू आत गेला एकदाच, तोही बोर्डाला लागून, आणि माझ्या घड्याळाप्रमाणे तेव्हा वेळ संपून गेलेली होती. मुलांना ते मान्य नव्हते. तिकडे पंचांनी शॉट पुन्हा तपासला होता तसे आपणही चित्रीकरण करू, असे ठरले आहे.

जुने रेल्वे मैदान, चेंडू दाबून ठेवायला शिकवणार नाही, आपली फजिती न विचारताच समजली. जंप स्टॉप मात्र आजपासून रोज वीस मिनिटे.

गोणपाटाचे राहिले. ओचेफूची गोष्ट सांगितल्यावर मी काहीच बोललो नाही, आज कोण काय करतो ते पाहायचे होते. आमचा कर्णधार तिसऱ्या वर्षाला आहे, त्याने आजवर गोणपाटाला हात लावलेला नाही. आज तो सगळ्यांच्या आधी आला होता, गोणपाट नळाखाली भिजवून एकटाच ओढत होता, आणि एकट्याने ओढल्यामुळे ते मधोमध गोळा होऊन मैदानावर धूळ पुसली जाण्याऐवजी चिखलाचा एक लांबच लांब पट्टा उठला होता. दुसरे टोक धरायला मी गेलो.